मीठ बाजूला

पंच्याची चार टोकं एकत्र धरून मोट बांधायची, हात गॅलरीच्या कठड्याबाहेर काढायचा आणि ती मोट गोल गोल फिरवायची. सात फेरे. मोजून सात. मोटेत सलाडची धुतलेली पानं असायची. पाण्याचा फवारा उडायचा आणि खाली चौकात जो कोणी असेल त्याच्या अंगावर पडायचा. खालून ओरडा झाला की हे गृहस्थ कठड्यावरून वाकून अगदी शांतपणे सांगायचे, "पानार पाणी रवला तर तेल बसाचा नाय."

जसं काही खालच्या माणसाने तेच विचारलं होतं.

मी लग्न होऊन लालबागच्या त्या चाळीत आले तेव्हा घराच्या उंबऱ्याला पाय लागायच्या आधीच हे पाणी माझ्या डोक्यावर पडलं. मुंडावळ्या भिजल्या. सासूबाई म्हणाल्या, "शुभ असतं." त्यांना काहीतरी म्हणायलाच हवं होतं. मी वर बघितलं तर एक काळासावळा, सडपातळ, पिकल्या मिशांचा माणूस रिकामा पंचा झटकत होता आणि माझ्याकडे न बघता एक पान उन्हात धरून ते कोरडं झालं की नाही हे तपासत होता. माफीबिफी काही नाही. आमच्या शेजारच्याच खोलीत ते राहत. मधे एक लाकडी पार्टिशन, त्यामुळे आमचं त्यांना आणि त्यांचं आम्हाला सगळं ऐकू यायचं.

फोर्टातल्या साहेबांच्या एका क्लबात ते तीस वर्षांपासून स्वयंपाकघरात होते. चाळीत कुणी त्यांना बटलर म्हटलं की भडकायचे. ते फक्त सलाड करायचे, आणि त्याहून बारीक सांगायचं तर सलाडवर घालायचं ड्रेसिंग. तेल, आंबट, मोहरी, अंड्याचा बलक, हे असं घोटायचं की चमचा उलटा केला तरी थेंब पडता कामा नये. "आमच्याकडे ड्रेसिंग जखमेला करतात," असं सासूबाई त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या. पार्टिशनपलीकडून उत्तर यायचं, "जखमेक करतत ता पण कोरडी करूनच करतत."

गंमत अशी की तीस वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या या माणसाला चहा करता येत नव्हता. क्लबात विस्तवाकडची माणसं वेगळी होती आणि थंड पदार्थांची वेगळी. घरी तर प्रश्नच नव्हता. काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, नियम होता. काकी ठेंगण्या, गोऱ्या, हातात कायम हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा की मालवणच्या बंदरावरून हाक मारली तर वेंगुर्ल्याला ऐकू जावी. त्या म्हणायच्या, "मी जिती आसय तवसर माझ्या चुलीक हात लावूचो नाय." त्यामुळे काकांचं सगळं राज्य गॅलरीत. एक पाट, एक चिनी मातीचा वाडगा आणि क्लबातून निवृत्त होणाऱ्या कुणा साहेबाने दिलेला एक काटा, ज्याचं एक टोक वाकलेलं होतं. त्या वाकड्या टोकानेच तेल नीट घोटलं जातं, असं त्यांचं ठाम मत होतं.

दुसऱ्याच्या कोशिंबिरीला नावं ठेवणं हा त्यांचा दुसरा उद्योग. सत्यनारायणाच्या जेवणात पान वाढलं की आधी कोशिंबिरीची वाटी तिरकी करायचे. कडेला पाणी जमलं की मान हलवायची. एकदा ती वाटी माझी होती. नवी नवरी, शाळेत शिकवणारी, पहिल्यांदाच केलेली काकडीची कोशिंबीर. त्यांनी वाटी तिरकी केली आणि म्हणाले, "बाई, मीठ कधी घातल्यात?"

"सकाळी," मी म्हटलं.

"मगे ही कोशिंबीर नाय. ही आंघोळ."

पंगत हसली. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही हा भाग वेगळा. नवव्या दिवशी मला हाक मारून त्यांनी वाडगा पुढे केला. काकडी किसून पिळलेली, पुदिना, आल्याचा रस, दह्याचा चक्का, आणि वरून काहीतरी जे मला ओळखता येईना. "आधी नाक खूश करूचा," ते म्हणाले, "मगे जीभ आपसूक येता." लिंबाच्या सालीचा कीस होता तो. आम्ही साली फेकून देत होतो. त्या दिवसापासून मी भांडण विसरले, आणि सालीही फेकायच्या थांबवल्या.

ते दिवस चळवळीचे होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही हा प्रश्न चाळीत चहाबरोबर सकाळी सुरू व्हायचा आणि भांडी घासून होईपर्यंत संपायचा नाही. मोर्चे आमच्या रस्त्यावरून जायचे, बायका वरून फुलं टाकायच्या, पाण्याच्या घागरी खाली नेऊन द्यायच्या. माझे यजमान सभांना जायचे. काका मात्र सभेला गेले नाहीत. "माका भाषण समजता," ते म्हणायचे, "पण उभ्यान रवाक होणा नाय." खरं कारण घरात होतं.

काकींच्या तोंडावर सूज यायला लागली होती. सकाळी डोळे उघडायचे नाहीत. पाय जड. पण आम्हाला पहिल्यांदा जाणवलं ते आवाजावरून. पार्टिशनपलीकडे काकी भाकरी थापायच्या तेव्हा बांगड्या वाजायच्या. आमच्या घरात कुणी घड्याळ बघायचं नाही, त्या आवाजावर आम्ही उठायचो. एक दिवस थाप ऐकू आली आणि बांगड्या नाही. मी जाऊन बघितलं तर बांगड्या मनगटात रुतून बसल्या होत्या. हलायला जागाच उरली नव्हती.

परळच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बिघडली आहेत. मीठ बंद. पूर्ण बंद. "नाहीतर बाई हाताला लागणार नाहीत," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. काका परत आले आणि गॅलरीत पाटावर बसले. वाडगा समोर होता, पण काटा हातात घेतला नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मीठ बंद."

तुम्ही म्हणाल, मग त्यात काय एवढं. तुम्ही मालवणी बाई पाहिलेली नाही. सुक्या बांगडा-मासळीवर, खाऱ्या सुंगटांवर म्हणजे कोलंबीवर वाढलेली जीभ ती. पहिल्या दिवशी काकींनी बिनमिठाचा भात तोंडात घातला, बाहेर जाऊन थुंकल्या आणि ताट सारलं. "मीठ नाय तर खावचा कित्याक?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकांना रांधून वाढलं आणि स्वतः नुसतं पाणी प्यायल्या. आधी मिठाने मरणार होत्या, आता उपाशी मरतील असं दिसायला लागलं.

काकांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला स्वयंपाक यायला हवा होता. ते मला तसं म्हणाले. मी म्हटलं, "मग करा की. काकी काय करतील?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना देऊळ पाडायला सांगितलं होतं. आजारी बाईच्या हातातली चूल काढून घ्यायची म्हणजे तिला तू संपलीस असं सांगण्यासारखं होतं. एवढं शहाणपण त्या माणसात होतं आणि माझ्यात नव्हतं.

पण ड्रेसिंगला चूल लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पार्टिशनपलीकडे बांगड्यांऐवजी काटा वाजायला लागला. क्लबात जायच्या आधी तासभर आणि आल्यावर तासभर. लसणीची पाकळी वाडग्याला आतून चोळायची. मोहरी पाट्यावर इतकी फेसायची की आमच्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्यात गोडं तेल थेंबाथेंबाने, कधी आलं, कधी मिरपूड, कधी गुळाचा खडा. कोबी केसासारखा चिरलेला, मुळा, गाजर, क्लबातून आणलेली सलाडची बाहेरची पानं, सगळं पंच्यात सात फेरे घेतलेलं. मग वाडगा काकींच्या पुढे. काकी एक घास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "गवत."

दुसरा वाडगा. "गवत."

रोजचा वाडगा आधी मला चाखायला मिळायचा. संध्याकाळी काका क्लबातून आले की गॅलरीत उभी राहून मी चमचा चाटायची आणि मत द्यायची. माझं मत ते ऐकून घ्यायचे आणि उलटं करायचे. अकरावा की बारावा वाडगा असेल, त्यात त्यांनी गावाहून बोटीने आलेल्या आगळाच्या बाटलीतलं दोन चमचे आगळ घातलं. रतांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, तो लालभडक आंबट रस. काकींनी घास घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. मग भात कालवला आणि वाडगा पुसून खाल्ला. काका पाठमोरे झाले आणि पंचा झटकायला लागले. पंचा कोरडा होता.

तुमच्यातल्या कोकणातल्या वाचकांनी इथे भुवया वर केल्या असतील. त्यांना विनंती की अजून थोडा वेळ गप्प बसावं. आम्हीही सगळे कोकणातलेच होतो आणि आमच्यातल्या एकालाही काही सुचलं नाही.

काकी जेवायला लागल्या, पण सूज उतरेना. डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, बोटाचा खड्डा तसाच राहिला. "मीठ खरंच बंद केलंय?" "एक कण नाय, साहेब." डॉक्टर म्हणाले, "मग मला कळत नाही. हे असंच राहिलं तर महिन्याभरापलीकडचं मी काही बोलू शकत नाही." हे काकांनी मला जिन्यात उभं राहून सांगितलं, वर जाऊन काकींच्या देखत बोलायचं नव्हतं म्हणून.

आता मला जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल फारसं चांगलं नाही.

दुपारी शाळा सुटल्यावर मी काकींकडे डोकवायची. काका क्लबात असायचे. काकी निजलेल्या असायच्या, मला बघून उठायच्या आणि म्हणायच्या, "तोंडाक चव नाय गो." एके दिवशी मला राहवलं नाही. मी घरातून लिंबाच्या लोणच्याची एक फोड पदराखाली आणली. नखाएवढी. काकींनी ती गालात धरली आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला माझ्या चांगुलपणाचं फार कौतुक वाटलं. "कोणाक सांगू नको हां गो," त्या म्हणाल्या. मी कशाला सांगते? रोज एक फोड. मीठ मी दिलंच नव्हतं. मीठ म्हणजे बरणीतलं. लोणचं ते लोणचं.

मग ते आठ-दहा दिवस आले. मुंबई तोडून वेगळी करणार अशी बातमी आली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गोळीबार झाला. आमच्या नाक्यावर अश्रुधूर सोडला तेव्हा पळणारी माणसं चाळीच्या चौकात शिरली, डोळे चोळत, खोकत. धूर वर गॅलरीपर्यंत आला. काका उठले, त्यांनी आपले सगळे पंचे काढले, घडी घातलेले, स्वच्छ, ज्यांना आम्ही कुणी हात लावलेला त्यांना कधी चालत नसे, आणि ते पाण्याच्या पिंपात बुडवले. टपटप गळणारे पंचे ते वरून एकेकाच्या अंगावर टाकत होते. "पिळू नका रे," ते ओरडत होते, "आज पाणी रवाक व्हया. डोळ्यांर धरा!" मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यातले बहुतेक पंचे धुऊन, वाळवून, घडी घालून परत आले. कोणी आणून दिले ते कळलं नाही, कठड्यावर ठेवलेले होते.

संचारबंदी लागली. गिरण्या बंद, शाळा बंद, क्लबही बंद. काका घरी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते आपल्या दारात पाट टाकून बसायचे, मांडीवर वाडगा, हातात काटा. घरात जायचं तर त्यांच्यावरून ओलांडूनच जावं लागे. मी पहिल्या दिवशी पदराखाली फोड घेऊन गेले आणि "काय बाई?" म्हटल्याबरोबर "सहज" म्हणून परत फिरले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी नाद सोडला.

आणि आगळाची बाटली संपली. बोटीचं कुणी काही सांगेना, गावचा माणूस येईना. काका कासावीस झाले. संचारबंदी तासभर उठायची तेवढ्यात ते धावत जाऊन कोबी, मुळे आणि सापडतील तेवढी लिंबं घेऊन यायचे. तीन वेळा तीन वाडगे. आगळाची कसर भरून काढायला त्यांनी जंग जंग पछाडलं. लिंबाची साल, आल्याचा रस, फेसलेली मोहरी, तव्यावर भाजलेले तीळ. तीळ मी भाजून दिले, चूल माझी होती ना. काकी कुरकुरल्या, "आगळ नाय तर मजा नाय," पण समोर तो माणूस असा डोळ्यांत प्राण आणून बसलेला, की खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती.

त्यातल्या सातव्या की आठव्या सकाळी मी जागी झाले आणि अंथरुणातच पडून राहिले. काहीतरी वेगळं होतं. पलीकडे काकी भाकरी थापत होत्या. थाप, थाप, आणि मधे बारीक किणकिण. सासूबाई उठून बसल्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत ते ऐकत राहिलो. मग मला माझं लोणचं आठवलं, आणि किती दिवसांपासून ते मी दिलेलं नाही हेही आठवलं.

रस्ते उघडल्यावर काका काकींना घेऊन इस्पितळात गेले. डॉक्टरांनी पाय दाबला. खड्डा पडला आणि लगेच भरला. "काय केलंत?" "काय नाय साहेब. घरी बसलंय." डॉक्टर हसले म्हणे. "तुम्ही घरी बसलात आणि मीठ थांबलं. याचा अर्थ तुम्ही घरी नसताना ते कुठून तरी येत होतं. ते शोधा."

काका परत आले आणि गॅलरीच्या मध्यभागी उभे राहिले. काकींना आत बसवलं होतं. सगळ्या बायका दारांत आलेल्या. "माझ्या बायलेक मीठ कोणी दिल्यान?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, त्याने जास्त भीती वाटली.

वर्गात चाळीस पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी, दाराआड सरकायला बघत होते. पण पार्टिशनपलीकडची किणकिण ऐकली होती ना. "मी," मी म्हटलं. "लोणचं. रोज एक फोड."

मला वाटलं आता धरणी दुभंगेल. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "तू? अगं, मी पापड देत होते." सासूबाई! मग कोपऱ्यातल्या खोलीतली आजी रडायलाच लागली. तिने सुक्या जवळ्याची चटणी दिली होती, "एवढीशीच." वरच्या मजल्यावरच्या दोघी जावा एकमेकींना चोरून वेगवेगळ्या वेळी भाजलेला सुका बोंबील आणत होत्या. पाचजणी. प्रत्येकीला काकींनी सांगितलं होतं, कोणाक सांगू नको. प्रत्येकीला वाटत होतं, काकींवर जीव काय तो आपलाच.

"पण मीठ कोणीच नाही हो दिलं," आजी डोळे पुसत म्हणाली, आणि ती ते अगदी मनापासून म्हणत होती.

काका संतापले. "मीठ नाय? लोणच्यात काय आसता? पापडात काय आसता? बोंबलाक काय साखर लावतत? तुमका येवढा कळणा नाय, की जा ठेवणीतला, टिकाचा, त्या सगळ्यात..." आणि ते मधेच थांबले. तोंड तसंच उघडं. आमच्याकडे बघत होते पण आम्ही त्यांना दिसत नव्हतो. मग वळले, आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात आगळाची रिकामी बाटली होती. तळाशी पांढरे कण सुकून बसले होते.

त्यांनी बोट घालून एक कण काढला आणि जिभेवर ठेवला. आधी नाक वगैरे काही नाही. सरळ जिभेवर.

"आवशीन माझ्या मुठीमुठीन घातल्यान आसात," ते गावच्या आपल्या आईबद्दल म्हणाले. "रस टिकाक व्हयो म्हणान. ल्हानपणी मीच मिठाचो गडगो आणून दिय होतंय." मग पाटावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तीस वर्षं चवीवर जगलेला माणूस. महिनाभर रोज दोन चमचे, स्वतःच्या हाताने.

काय करायचं ते काकींना कळलं. त्या आतून भिंत धरत उठून आल्या, त्यांनी ती बाटली काकांच्या मांडीवरून उचलली आणि कठड्यापलीकडे चौकातल्या कचऱ्याच्या डब्याच्या दिशेने भिरकावली. नेम चुकला, बाटली फुटली. "झाला," त्या म्हणाल्या. "आता सगळ्यांनी मेळान माका मारल्यात, आता सगळ्यांनी मेळान जगवा. आणि कोणीतरी जेवक वाढा, माका भूक लागली."

बांगड्या वाजल्या त्या भिरकावण्याने. मी तो आवाज कधी विसरणार नाही.

त्या दिवसापासून आमच्या चाळीत एक पद्धत पडली, ठराव वगैरे काही न करता. जे जेवण चार घरांत मिळून व्हायचं, सत्यनारायण, बारसं, गणपती, त्यातल्या कोशिंबिरीत आणि भाजीत मीठ पडायचं नाही. मीठ वेगळ्या वाटीत, पंगतीच्या बाजूला. ज्याला हवं त्याने आपल्या पानात घ्यावं. काकी सगळ्यांबरोबर बसून सगळ्यांचंच जेवायच्या. काका पंगतीभर फिरून आमच्या वाट्या तिरक्या करायचे. आधी चरफडणारे पुरुषही हळूहळू मीठ कमी घ्यायला लागले, कारण वाडग्यातलं खरंच चांगलं लागायचं.

मुंबईसकट महाराष्ट्र झाला त्या दिवशी चौकात मोठी पंगत बसली. पितळेच्या परातीत कोबी, गाजर, काकडी, आणि काकांनी सकाळपासून घोटलेलं ड्रेसिंग. अख्ख्या चाळीच्या गॅलऱ्यांतून माणसं पंचे फिरवत होती, प्रत्येकाला पानं वाटून दिली होती. चौकात पाऊस पडल्यासारखं पाणी उडत होतं आणि कुणी ओरडत नव्हतं. काकी इतक्या खुशीत आल्या की सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आज चुलीक हात लावा. दूध तापवा." काका आत गेले. अर्ध्या मिनिटात दूध उतू गेल्याचा वास आला. काकींनी कपाळावर हात मारला, पण हसत हसत. पुन्हा परवानगी मिळाली नाही.

काकी पुढे बारा-तेरा वर्षं होत्या. काका त्यांच्यानंतर दोनच वर्षं राहिले. शेवटी शेवटी डोळ्यांना दिसायचं नाही, पण वाडगा कानाशी धरून ते सांगू शकायचे की तेल बसलं की नाही. मी त्यांना चूल पेटवून देऊ का, असं विचारलं होतं, काकी गेल्यानंतर. म्हणाले, "नको बाई. ती तिची." जेवण आम्ही आळीपाळीने दिलं. कोशिंबीर मात्र ते स्वतःच करायचे. एका सकाळी पार्टिशनपलीकडे काटा वाजला नाही.

आता त्या जागी उंच इमारत आहे. गॅलऱ्या नाहीत, पंचा फिरवायला कठडा नाही. जुन्यांपैकी आम्ही मोजके. पण गणपतीत खाली हॉलमध्ये जेवण असतं. गेल्या वर्षी मी खुर्चीवर बसले होते, जमिनीवर आता बसवत नाही. एक नवीन सून कोशिंबीर वाढत होती. नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ घास घेऊन म्हणाले, "अहो, मीठ विसरलात."

"नाही काका, मीठ बाजूला असतं," ती म्हणाली. "इथे तसंच करतात. बिनमिठाचं जेवणारं कुणीतरी असतं म्हणे."

"कोण असतं?"

ती गोंधळली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने पंगतीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोण असेल बरं, असं शोधत.

दोन वर्षं झाली डॉक्टरांनी माझं मीठ बंद करून. मी माझी वाटी तिरकी करून बघितली. कडेला पाण्याचा थेंब नव्हता.

मग मी हात वर केला.